दावण भरली का?

होळीची राख अंगणातून निघाली, हरभऱ्याचं खळं उरकलं, गव्हाची पोती कोठीत रचली गेली, की आमच्या लोधीपुऱ्यात उन्हाळा लागायचा. कॅलेंडर बघायची गरज पडत नसे. कोठ्याच्या दाराशी भिजत घातलेल्या ढेपेचा आंबूस वास, गव्हाच्या कुटाराची नाकात जाणारी धूळ आणि संध्याकाळी सुटणारा कडुनिंबाच्या फुलांचा गोडसर वास, हे तिन्ही एकत्र आले की समजायचं, चैत्र आला. आणि दिवस कलला की माजघरातून आजीचा आवाज यायचा, "दावण भरली का रे?"

ज्यांच्या घरी ढोरं होती त्यांना दावण सांगायला नको. ज्यांच्या घरी नव्हती त्यांच्यासाठी सांगते. कोठ्यात एका ओळीत रोवलेले खुंटे, खुंट्यांमधून ताणलेला जाडजूड दोर, दोराला दावी आणि एकेका दाव्याला एकेक जीव. दारातून शिरताना पहिली बैलांची जोडी, मग गाई, मग म्हशी आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात वासरं. रानातून परतलेलं ढोर कोणी न सांगता आपल्या खुंट्याशी जाऊन उभं राही. एखादा खुंटा मोकळा दिसला तर चुलीवरून भाकरी उतरली तरी ताटं मांडली जात नसत. दोन पोरं कंदील घेऊन तापीच्या दिशेने, दोन नाल्याच्या दिशेने. ते हरवलेलं ढोर येईपर्यंत आजी उंबऱ्यावर बसून राही.

आमचा लोधीपुरा बऱ्हाणपूरच्या अगदी कुशीला. बाहेरच्या जगाला तो माहीत आहे दर्गा-ए-हकीमीमुळे. दाऊदी बोहरा समाजाचे भाविक कुठून कुठून तिथे येतात. त्यांच्या गाड्या आणि आमची ढोरं संध्याकाळी एकाच रस्त्याला लागायची. गाडीतल्या मुलांना म्हशी बघायच्या असत आणि आम्हाला गाडी. म्हशी मात्र कोणाकडेच न बघता आपल्या चालीने चालत, आणि त्यांचं होईपर्यंत गाडी थांबलेली असे.

1956 साली प्रांतांची नवी वाटणी झाली आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. शेजारचं रावेर तेव्हा मुंबई राज्यात राहिलं आणि 1960 साली महाराष्ट्रात गेलं. शाळेत हिंदी, बाजारात निमाडी, घरात मराठी, असं आमचं तेव्हापासूनचं चालत आलेलं. ढोरांचंही तसंच. आमच्याकडे एक बैल रावेरकडून आलेला होता आणि त्याचा जोडीदार खरगोनकडून. बाबा नांगर धरताना एकच गोष्ट दोनदा सांगायचे, एकदा मराठीत, एकदा निमाडीत. दोन पावसाळे गेले आणि मग दोघांनाही दोन्ही यायला लागलं. खरगोनचा बैल अस्सल निमाडी, तांबूस अंगावर पांढरे शिंतोडे उडालेले, जणू चुना लावताना कोणी शेजारी उभा केला होता. गीर आणि खिल्लार या दोन रक्तांतून ही जात झाली असं जाणकार मानतात. आम्हाला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की तो उन्हाला भीत नाही.

उन्हाळ्याची सुरुवात म्हणजे ढोरांची मोकळीक. एरवी वर्षभर पोरांच्या मागे एकच घोषा, "पिकात जाऊ देऊ नका." रब्बी निघाली की शेतं उघडी पडत. गव्हाचं खोडकं, हरभऱ्याचा पाला, बांधावरचं वाळलेलं गवत, सगळं त्यांचं. कोणाचं शेत आणि कोणाचं ढोर हे त्या दोन महिन्यांत कोणी विचारत नसे. एका द्वाड गाईच्या गळ्यातलं लोढणंसुद्धा त्या दिवसांत काढून ठेवलं जाई. लोढणं म्हणजे गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका, पळालं की पायांवर आपटणारा. ते काढलं की ती गाय पहिले दोन दिवस सवयीने जपून चाले आणि तिसऱ्या दिवशी शेपटी उभी करून शिवार पालथं घाली. तिला तसं धावताना बघायला आम्ही मुद्दाम बांधावर जाऊन बसत असू.

बैलांना मात्र पूर्ण सुटी नव्हती. उन्हाळी नांगरट त्यांच्याच जिवावर. पहाटे चांदणं असताना जू खांद्यावर चढायचं आणि ऊन तापायच्या आत उतरायचं. मग खांद्यावर हळद-तेल, हौदावर पाणी, लिंबाखाली सावली. त्या सावलीत बैल रवंथ करत आणि सालदार काका दोर वळत.

दोर वळणं हे उन्हाळ्याचं खरं घरकाम. अंबाडी पावसाळ्यात बांधाच्या कडेने लावलेली असे. कोवळेपणी तिची भाजी खायची, जून झाली की कापून पाण्यात कुजवायची, सोलून वाक काढायचा, वाळवून माळ्यावर टाकायचा. चैत्रात तो माळ्यावरून खाली येई. एक जण पीळ भरणार, दुसरा मागे मागे सरकणार, तिसरा मध्ये लाकूड धरणार. पोरांचं काम मागे सरकणं. पाठीमागे काय आहे ते न बघता सरकायचं, म्हणून कोणी शेणाच्या पाटीत बसे, कोणी कोंबड्यांच्या डालग्यावर. त्यातून निघायचं काय काय! दावी, कासरे, मोरख्या, वासरांची मुसकी, ताकाच्या मडक्यांची शिंकी, रवीची दोरी, खाटेचा ओढा आणि सगळ्यात जाड तो नाडा. जुनी दावी फेकली जात नसत. तुटलं ते गाठ मारून बकरीला, बकरीकडे झिजलं ते करडाला, करडाकडेही विरलं की ते राखेसकट भांडी घासायला. केळीचं वाळलेलं सोपट भिजवून पेंड्या बांधायला. बाजारातून विकत आणलेली सुतळी आमच्या घरात बरीच वर्षं नुसती वह्या बांधायच्या कामी आली.

आणि नवा नाडा पहिल्यांदा बैलांच्या कामाला जात नसे. तो आधी लिंबाच्या फांदीवर चढे. कारण आखाजी.

अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, खानदेशात म्हणतात तसंच. बाकीच्यांची दिवाळी मोठी, आमच्या लेकीबाळींची आखाजी मोठी. सासरी गेलेल्या आत्या, थोरल्या बहिणी माहेरी येत, झोके बांधले जात आणि दुपारभर गाणी. नवा दोर किती ओझं पेलतो हे झोक्यावरच कळे. दोन आत्या आणि कडेवर एक पोर घेऊन झोका आभाळाला लागला, की सालदार काका खालून समाधानाने मान हलवत. नाडा पक्का झाला. मग तो उतरवून गाडीला लागे.

आखाजीलाच सालदाराचं वर्ष संपे आणि नवं सुरू होई. आखाजी ते आखाजी असा करार, आणि त्यात पैशांबरोबर ज्वारी, चपला, घोंगडी असं सगळं तोंडी ठरलेलं. बाबा ओसरीवर बसून विचारत, "मग, औंदा काय?" सालदार काका उत्तर द्यायच्या आधी कोठ्याकडे बघत. एका वर्षी त्यांना दुसऱ्या गावाहून जास्तीचा सांगावा आला होता. ते म्हणाले, "मोरी गाभण आहे. ती व्याली की बघू." मोरी व्याली. ते कुठेही गेले नाहीत. पितरांच्या नावाने घागर भरून झाली, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस नैवेद्याला दाखवून झाला, की पहिला घास गाईला आणि पहिलं माणसाचं ताट सालदार काकांचं. त्या दिवसाआधी आमच्या घरात आंबा खाल्ला जात नसे, म्हणून आम्हा पोरांची नजर काकांच्या ताटावर खिळलेली.

आता वासरांचं सांगायलाच हवं. गाय व्यायला आली की घराची रीतच बदले. आजी दिवसातून चारदा कासेला हात लावून बघे. रात्री कोठ्यात कंदील, शेजारी खाट, खाटेवर काका आणि खाटेखाली आम्ही, झोपल्याचं सोंग घेऊन. पहिल्यांदा पुढचे दोन खूर दिसतात, मग त्यांवर टेकवलेलं नाक. एवढं सरळ दिसलं की आजी "आलं गं बाई माझं" असं म्हणे आणि आम्ही सोंग सोडून उठत असू. गाय वासराला चाटून कोरडं करी. ते लटपटत उठे, पडे, पुन्हा उठे. सड सापडेपर्यंत सगळं घर श्वास रोखून. जार पडेपर्यंत कोणी झोपत नसे, कारण ती गाईने खाऊ नये, कुत्र्याने ओढू नये. पडली की उकिरड्याच्या पलीकडे खोल पुरायची. मग गाईला बाजरीची गूळ घातलेली गरम खिचडी. ती खिचडी आम्हालाही हवी असे, आणि आजी परातीचा काठ आमच्यासाठी राखून ठेवी.

चिकावर पहिला हक्क वासराचा. त्याचं पोट भरल्यावर उरला तर आपला. खरवस झाला की वाट्या गल्लीभर जात. वाटी रिकामी परत येत नसे. कोणी चिमूटभर हळद, कोणी मूठभर गहू, कोणी गुळाचा खडा घालून पाठवी. निमाडात ढोरांची काळजी वाहणारा संत सिंगाजी, जो स्वतः गवळी होता. म्हणून वीस-एकवीस दिवस झाले की पहिल्या लोण्याचं तूप सिंगाजीच्या नावाने दिव्यात. ते झाल्यावरच आमच्या पानात.

तूप कढवलेल्या कढईतली बेरी मात्र देवाची नसून पोरांची. साखर घालून, तळहातावर, उभ्या उभ्या. ज्याने ताक घुसळायला हात लावला त्याला दोन वेळा.

बकऱ्यांची तऱ्हा निराळी. करडं बहुतेक होळीच्या आगेमागे झालेली असत, म्हणजे चैत्रात ती बरोबर नाचण्याच्या वयाची. आजीच्या खाटेवर, कडब्याच्या गंजीवर, बसलेल्या म्हशीच्या पाठीवर, जिथे चढता येतं तिथे. म्हैस हलतसुद्धा नसे. या दिवसांत बाभळीच्या शेंगा पिकून गळत. आम्ही पोती भरून आणायचो. बकऱ्या त्या करकरा खात आणि रात्री रवंथ करताना बिया बाहेर टाकत. सकाळी वाड्यात बियांचा सडा. आजी त्या झाडून, डब्यात भरून ठेवी आणि पहिल्या पावसात बांधावर टोके. बकरीच्या तोंडातून आलेलं बी लवकर उगवतं, असं ती सांगायची. आमच्या बांधावरच्या बाभळी अशाच बकऱ्यांनी लावलेल्या होत्या.

कोंबडी खुडूक झाली की सालदार काकींचं राज्य. डालग्यात गव्हाचं कुटार, त्यात अंडी, कडेला एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा. ऊन फार चढायच्या आत, फाल्गुनातच बसवायची, नाहीतर अंडी उन्हानेच बिघडतात. सातव्या रात्री एकेक अंडं कंदिलापुढे धरून बघणं हा आमचा सिनेमा. आत लाल रेषांचं जाळं दिसलं की "जीव धरला." न दिसलं तर ते अंडं बाजूला. एकविसाव्या दिवशी आतून टकटक. पिलं निघाली की पोरांना नवी नोकरी, घारीवर लक्ष ठेवायचं. हातात ताट आणि चमचा. घार दिसली की वाजवायचं. आम्ही घार नसतानाही वाजवत असू, आणि काकी स्वयंपाकातून धावत येत असत.

मग एखाद्या सकाळी दुरून घंटा ऐकू येत. मारवाडाकडून रायका येत, लाल पागोटी, पुढे उंट, मागे मेंढरांचा पूर. उंटावर खाटा, हंडे आणि जन्मून दोन दिवस झालेली कोकरं. रिकाम्या शेतात रात्री मेंढरं बसवायची आणि त्याच्या बदल्यात त्यांना धान्य द्यायचं, ही जुनी रीत. जिथे मेंढरं बसली ते शेत पुढे पावसाळ्यात लांबूनच हिरवं ओळखू येई. आजोबा आमचं शेत त्यांनी निवडावं म्हणून आदल्या दिवसापासून विहिरीवर बसून राहायचे. पाणी ज्याच्याकडे, मेंढरं त्याच्याकडे.

दुपारनंतर तापी. उन्हाळ्यात तिचं पाणी उतरे, काळे दगड वर येत, राजघाटाकडे नदीतल्या दगडाचा तो कोरलेला हत्ती उघडा पडे. म्हशी पाण्यात शिरल्या की नाकपुड्या आणि शिंगं एवढीच वर. गाईंना पाणी आवडत नसे, त्यांना काथ्याने घासून, गोचिडं काढून, कडेलाच धुवायचं. नदीच्या वाळूत डांगरवाड्या. टरबूज आम्ही खायचो, साली ढोरं खायची, बिया आजी वाळवायची. पुण्याहून आलेल्या मामेभावंडांना बाबा हौसेने शाही किल्ला दाखवत, कुंडी भंडारा दाखवत. 1615 साली अब्दुल रहीम खानखानानाच्या काळात जमिनीखालून पाणी खेळवलेली ती जागा, खरोखरच दाखवावी अशी. भावंडं बघून येत आणि घरी आल्या आल्या विचारत, "मोरीचं वासरू उठलं का?"

दुधाची गोष्ट राहिली. आमच्या लहानपणी, म्हणजे 1980 नंतरच्या काही वर्षांत, रमजानचा महिना उन्हाळ्यात येत असे. चांद्रवर्षामुळे तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. बऱ्हाणपूरची मावा जिलेबी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको की रमजानात तिला किती मागणी असते. मावा म्हटलं की दूध आलं. संध्याकाळची धार शहरात जायची. सायकलीला दोन्ही बाजूंनी कॅन, वर ओलं फडकं, आणि काका सूर्य मावळायच्या आत शनवाऱ्यापर्यंत. परत येताना कॅनच्या झाकणात कागदात बांधलेली जिलेबी. आमच्या म्हशीचं दूध जिलेबी होऊन आमच्याच घरी येतं, याचं आम्हाला फार अप्रूप होतं. आजी पहिला तुकडा म्हशीसमोर धरी. म्हैस हुंगायची आणि तोंड फिरवायची. मग तो तुकडा आमचा.

हे सगळं एका दिवसात गेलं नाही. आधी ज्वारी कमी झाली. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला, आणि कडबा गेला म्हणजे दावणीचा आधार गेला. बऱ्हाणपूरच्या मातीत केळी चांगली आली, पैसा देऊ लागली, आणि ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही. त्याच केळीवर आमची शिक्षणं झाली, आत्यांची लग्नं झाली. पण केळी वर्षभर शेत अडवते. चैत्रात उघडं पडणारं शिवार उरलं नाही. ढोरं सोडायची कुठे? मेंढरं बसवायची कुठे? बांधावर कुंपणं आली, ट्रॅक्टर आला आणि बैल विकले गेले. रावेरचा बैल आणि खरगोनचा बैल एकाच दिवशी, एकाच माणसाला दिले, एवढं बाबांनी बघितलं. त्या संध्याकाळी आजीने दावण भरली का असं विचारलं नाही.

आता कोठ्यात एक म्हैस आणि तिची वगार आहे. वहिनी धार काढते. खुंटे मात्र सगळे तसेच रोवलेले, काढायला कोणी धजलं नाही. परवा उन्हाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा गावातल्या बाया म्हणत होत्या, आताच्या दुधाला पूर्वीसारखी सायच धरत नाही, चारा बदलला, जनावर बदललं. मी वहिनीला सांगून दूध जुन्या मडक्यात घातलं आणि मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर ठेवलं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत, मंद आचेवर, कोणी घाई न करता. रंग बदामी झाला आणि वर बोटभर जाड, सुरकुतलेली, तांबूस साय आली. अगदी तीच. दूध बदललेलं नाही. आपण ते तेवढा वेळ विस्तवावर ठेवत नाही.